हातभर अंतरावरून वस्तादांना

मुक्काम ब्रागा, पोर्तुगाल
भाद्रपद वद्य (तिथी विचारू नये, इथे चंद्र ढगांच्या मर्जीने उगवतो)

कार्ल्याच्या तालमीचे वस्ताद फकरुद्दीन यांच्या चरणांशी सोपानाचा नमस्कार. या खेपेस मात्र हातभर अंतर राखून. अंतर कशासाठी, ते पत्र पुढे सरकले की कळेल.

तुमची प्रकृती, तुमचा डावा गुडघा, हायवेवरचे तुमचे गॅरेज आणि त्या गॅरेजासमोर गेल्या दिवाळीपासून 'उद्या होईल' म्हणून उभी असलेली ती पांढरी जीप, ही चौघेही आपापल्या जागी सुखरूप असतील अशी आशा आहे. हुस्नबानोवहिनींना माझा सलाम सांगा. त्यांनी दिलेले लिंबाचे लोणचे विमानातून नीट पोचले. त्यातले तेल तेवढे माझ्या चार सदऱ्यांनी वाटून घेतले. आमच्या आबांकडे तुमची फेरी होत असेलच. त्यांना काठीबद्दल एवढ्यात काही सांगू नका. सांगण्यासारखे काय आहे आणि काय नाही, ते तुम्हीच ठरवा, पण शेवटपर्यंत वाचून ठरवा.

तुम्ही म्हणाल, मास्तरला फोन करता आला नसता काय. आला असता. पण तुमचा फोन गॅरेजातल्या बाकावर पडलेला असतो आणि त्यावर आलेला मजकूर आधी तुमचा जावेद वाचतो, मग चहावाला वाचतो, मग टायरला हवा भरायला थांबलेले पाहुणे वाचतात, आणि शेवटी चष्मा सापडला तर तुम्ही. काही गोष्टी वस्ताद आणि शागीर्द यांच्यातच राहाव्यात. म्हणून हे कागदावर. आमच्या लेकीच्या, माधवीच्या, इथल्या ऑफिसातली एक मुलगी परवा पुण्याला निघाली आहे, तिच्या हाती देतो आहे. (आपण दोघे शाळेत एका बाकावर बसलो आणि चाळीस वर्षे एकमेकांना अरे-तुरे करत आलो, हे खरे. पण तालमीच्या उंबऱ्याच्या आत तुम्ही वस्ताद आणि बाहेर फकरू, हा आपला ठराव आहे. हे पत्र काठीविषयी आहे, तेव्हा ते उंबऱ्याच्या आतले समजावे.)

आता निघण्यापूर्वीची हकीकत तुम्हालाच पुन्हा सांगतो, कारण तुम्ही सोयीचे तेवढे लक्षात ठेवता. माझा उजवा खांदा दोन वर्षांपासून आखडलेला. फळ्याच्या वरच्या भागावर लिहिता येत नाही, म्हणून माझ्या वर्गात संस्कृत भाषा फळ्याच्या कंबरेपासून सुरू होते. नव्या मुलांना तो व्याकरणाचाच नियम वाटतो. डॉक्टर म्हणाले हात फिरवा, तुम्ही म्हणालात काठी फिरवा, आणि मला मागच्या रांगेत चौथीच्या पोरांच्या शेजारी उभे केलेत. नियम तुमचा: काठी डोक्यावरून पुरी फिरली, हात कानाच्या वर गेला, की पुढची रांग; तोवर मागे. माझा हात कानापर्यंत ऐटीत येतो आणि तिथे थबकतो, खंडाळ्याच्या चढावर भरलेला ट्रेलर थबकतो तसा, आणि त्याच्यामागची सगळी पोरे खोळंबतात. त्यात तुम्ही आमच्याकडे तोंड करून उभे राहता आणि 'उजवा!' म्हणून ओरडता. तो उजवा तुमचा की आमचा, याचा निर्णय पोरे क्षणात करतात. मला त्यासाठी दोन्ही पक्ष मांडून पाहावे लागतात, आणि तेवढ्यात शेजारच्याची काठी आणि माझी काठी यांची गाठ पडते. तुम्ही रागावत नाही. तुम्ही आयुष्यात एकाही शागिर्दाला काठी लावलेली नाही, हे सगळ्या मावळाला ठाऊक आहे. "माज्या तालमीत काठी फिरती मास्तर, लागत न्हाई," हे तुमचे वाक्य मी माझ्या वर्गातही वापरतो, फक्त काठीच्या जागी छडी घालतो.

गेल्या खंडेनवमीचे तर तुम्हाला आठवतच असेल. काठ्यांची पूजा झाली, तुम्ही आणलेले झेंडूचे हार घालून झाले, आबांनी नारळ फोडला आणि ते खुर्चीवर बसले. आबांच्या डोळ्यांना आता पुढच्या रांगेपलीकडचे दिसत नाही. खेळ संपल्यावर मी घाम पुसत त्यांच्याजवळ गेलो, तर ते तुम्हाला विचारत होते, "आमचा सोपान कुटं हाय? यायचा व्हता न्हवं?" तुम्ही म्हणालात, "हाय की आबा. मागं हाय." त्यावर आबा म्हणाले, "मागं म्हंजी घरीच की."

(याच आबांनी मला लहानपणी पाठशाळेत घातले. लोकांना वाटते विद्येची आवड. खरे कारण असे की माझ्या हातात काठी दिली की आमचे बैल हसतात, असे त्यांचे ठाम मत होते.)

तेव्हा माझे म्हणणे साधे आहे. या नवमीला मला पुढच्या रांगेत, आबांच्या खुर्चीच्या बरोबर समोर उभे राहायचे आहे. एकदाच. मोक्ष वगैरे सावकाश आला तरी चालेल.

आणि नेमकी त्याच वेळी माधवीने आम्हा दोघांची तिकिटे काढली. मी तुमच्याकडे आलो, म्हटले वस्ताद, दोन महिने खाडा पडणार. तुम्ही नटबोल्ट पिळता पिळता म्हणालात, खाडा पडला तर हात पुन्हा खाली येणार आणि हात खाली तर रांग मागची. म्हटले, काठी विमानात घेत नाहीत. त्यावर तुम्ही जे बोललात ते मी हिराला, म्हणजे तुमच्या वहिनीला, जसेच्या तसे सांगितले: "तितंच घ्या की! माणूस हाय तितं काठी हाय. दुकान असतंयच." जो गृहस्थ कामशेतच्या पलीकडे पाहुणा म्हणूनसुद्धा राहत नाही, त्याने परदेशातल्या बाजारपेठेविषयी इतक्या खात्रीने बोलावे, याचे मला तेव्हा कौतुक वाटले होते. अजूनही वाटते, कारण तुम्ही बरोबर निघालात, फक्त मधला रस्ता तुम्ही सांगितला नव्हता.

ब्रागा हे गाव आपल्यापेक्षा फार वेगळे नाही. पाऊस आपल्यासारखाच, म्हणजे विचारून येत नाही आणि सांगून जात नाही. सगळीकडे दगडी पायऱ्या. ज्या लोकांनी आपल्याला मिरची, बटाटा आणि पाव दिला, त्यांच्याकडे एक काठी मिळू नये असे कसे होईल, अशा विचाराने मी दुसऱ्याच दिवशी माधवीला घेऊन एका प्रचंड दुकानात गेलो. तिथे खेळाचे सगळे मिळते. घोड्यावर बसायचे मिळते, बर्फावरून घसरायचे मिळते, पाण्याखाली श्वास घ्यायचे मिळते. काठी कुठे ते कळेना. माधवी फोनवर कुणाशी तरी ऑफिसचे बोलत होती, म्हणून मी तिथल्या विक्रेत्या मुलीला हातांनी काठी दाखवली: एवढी लांब, अशी धरायची, अशी फिरवायची. फिरवताना माझा हात सवयीप्रमाणे कानाशी अडकला. मुलीने माझ्या केसांकडे पाहिले, अडकलेल्या हाताकडे पाहिले, आणि फार मायेने मला म्हाताऱ्यांनी डोंगर चढताना टेकायच्या दोन हलक्या काठ्या आणून दिल्या, खाली रबर लावलेल्या. धूर दिसला की अग्नी आहे असे समजावे, हे मी मुलांना शिकवतो. तिचे अनुमान माझ्यापेक्षा शुद्ध होते. मी त्या काठ्या नम्रपणे परत टांगल्या.

मग माधवीने शोधून एक खास युद्धकलेच्या सामानाचे दुकान काढले. एका बोळात, चढ चढून. आत पांढरे पोशाख, हातमोजे, दातांत धरायच्या रबरी कवळ्या, आणि कोपऱ्यात मारून घ्यायला उभा केलेला एक रबरी मनुष्य, कंबरेपर्यंतच. मालकांनी विचारले, कोणती कला? माधवीने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, सांग, कार्ल्याची. तिने तसे सांगितले नाही. काय सांगितले ते मला अजून सांगत नाही. मालकांनी तीन काठ्या काढल्या. पहिलीवर स्पंज गुंडाळलेला होता, म्हणजे लागली तरी लागू नये. (तुमच्या तत्त्वाची इतकी स्वस्त अंमलबजावणी पाहून मला वाईट वाटले.) दुसरी ॲल्युमिनियमची, चकाकणारी, लग्नाच्या वरातीत बँडवाल्याच्या हाती शोभेल अशी. तिसरी लाकडाची होती, पण मध्ये स्क्रू: दोन तुकडे करून पिशवीत ठेवता येतात. मी म्हटले, ही काठी नव्हे, हा समास आहे. आणि विग्रह ऐन वेळी होणार. हेही माधवीने भाषांतर केले नाही.

तरी म्हटले पाहावी. मी ती स्क्रूची काठी घेऊन तुमचे चक्र घातले. पहिले अर्धे चक्र चांगले गेले. दुसऱ्या अर्ध्यात हात कानाशी थांबला, काठीला मात्र थांबायचे कळले नाही, स्क्रू सुटला आणि पुढचा तुकडा जाऊन त्या रबरी मनुष्याच्या कपाळावर बसला. तो पडला, पडताना त्याने मागच्या फळीवरचे चषक बरोबर नेले. मालक पुढे आले. त्यांनी चषक उचलले, मनुष्य उभा केला, त्याच्या कपाळावरून हात फिरवला, मग एका कागदावर नकाशा काढून माधवीच्या हातात दिला आणि दार उघडून धरले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, ते म्हणाले काठीवाला इथे बसतो. तुमच्यासारखी माणसं तिकडेच जातात." म्हटले, माझ्यासारखी म्हणजे? "विचारलं नाही," ती म्हणाली.

तो नकाशा होता शेतीच्या अवजारांच्या दुकानाचा.

वस्ताद, मी आत पाऊल टाकले आणि कामशेतच्या आठवड्याच्या बाजारात आलो. कुदळी, विळे, दोरखंड, गाईच्या गळ्यातल्या घंटा, आणि त्या लोखंडाला आणि सुतळीला येतो तो वास. कोपऱ्यात एका पिंपात काठ्या उभ्या. नुसत्या काठ्या. स्क्रू नाही, स्पंज नाही. टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ उठले, माझ्याशी एक अक्षर न बोलता त्यांनी पिंपातून एक काठी काढली आणि माझ्या शेजारी उभी धरली. ती कानापर्यंत आली. त्यांनी ती परत ठेवली, दुसरी घेतली, पुन्हा कानाशी धरली आणि मान हलवली. तुम्ही पहिल्या दिवशी केले होते अगदी तेच. मग मी तुम्ही शिकवल्याप्रमाणे काठीचा बुंधा दगडी उंबऱ्यावर आपटून आवाज ऐकला, आत तडा आहे का म्हणून. गृहस्थांचा चेहरा असा उजळला की मला वाटले आता हा मला आपली मुलगी देतो. त्यांनी आपल्या घरात हाक मारून बायकोला बाहेर बोलावले आणि मला पुन्हा काठी आपटायला लावली. तिनेही ऐकले. मग त्यांनी माधवीला सांगितले की शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी काठीचा खेळ असतो, यांना घेऊन जा. शिकवणारी त्यांची भाची आहे.

(मधल्या दिवसांत खाडा पडला नाही, हे इथे नोंदवतो. माधवीच्या फ्लॅटमध्ये फरशी पुसायच्या मॉपच्या दांड्यावर मी रोज सराव केला. दिव्याची एक काच गेली. खालच्या मजल्यावरच्या बाई आपल्या छताला खालून झाडूच्या दांड्याने ठोकून उत्तर देत. हिरा म्हणाली, बघा, या गावात काठी सगळ्यांना येते, तुम्हीच शिकायचे राहिलात.)

या लोकांचा खेळ दोन्ही हातांनी, ठाण मांडून, काठीवर काठी वाजवत खेळायचा. पूर्वी गडी माणसे जत्रेला काठी घेऊन जात आणि पाण्याच्या पाटावरून, बैलावरून, कधी नुसतेच कुणी कसे पाहिले त्यावरून जुंपत. मी म्हटले, आमच्याकडेही तसेच असे. आता बंगल्याच्या कंपाउंडवरून जुंपते आणि काठ्या वकील चालवतात. शिकवणारी बाई तेरेझा. वय तिशीचे, केस मागे बांधलेले, बोलणे हळू, आणि हातात काठी आली की डोळे तुमच्यासारखे अर्धे मिटतात. मी ओळखले की ही खरी वस्ताद.

आणि खऱ्या वस्तादासमोर माणूस काय करतो? दाराशी बूट काढतो. मी काढले. (मोजा अंगठ्याशी फाटलेला होता. हिराने ते निघतानाच सांगितले होते.) जमिनीला हात लावून कपाळाला लावतो. लावला. तिथवर सगळे माझ्याकडे नुसतेच कुतूहलाने पाहत होते. तेरेझाबाई मुलांना काहीतरी शिकवत होत्या. मला नंतर कळले की समोरचा खाली वाकून पायांवर वार करायला आला तर काय करावे, हा त्या संध्याकाळचा पाठ होता. मला पाठ माहीत नव्हता. मी तुमचा शागीर्द. मी सरळ पुढे गेलो, नवीन काठी त्यांच्यापुढे आडवी ठेवली आणि त्यांच्या पायांवर हात ठेवायला झटकन वाकलो.

काय झाले ते मी पाहिले नाही. ऐकले मात्र. सुक्या वेळूवर वेळू आपटल्याचा तो आवाज. फरक इतकाच की या खेपेस एक वेळू मी होतो. उजव्या खांद्यावर. बरोबर तिथे, जिथे डॉक्टर बोट ठेवून 'इथे का?' विचारतात.

हॉलमध्ये जो गोंधळ झाला तो वर्णन करण्यात अर्थ नाही. तेरेझाबाईंनी काठी टाकून तोंडावर हात धरले. कुणी बर्फ आणला, कुणी रुग्णवाहिका बोलावू म्हणाले. माधवी त्यांना सांगत होती की हा हल्ला नव्हता, हे आमच्याकडे आदराने करतात. आणि तिचे ऐकून ते जास्तच घाबरले, आपण आदर करणाऱ्याला हाणले म्हणून. कोपऱ्यातल्या बाकावर हिरा पदर तोंडात धरून हसत होती. (लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली, तिला एवढे हसू मी स्वतःच्या बळावर कधी आणले नव्हते.) मी म्हटले, सगळ्यांना शांत करावे. काही झाले नाही, असे दाखवायला मी उजवा हात वर केला.

तो वर गेला. कानापाशी आला, थबकला नाही, आणि पुढे गेला. सरळ, छताकडे, परीक्षेत उत्तर येणाऱ्या मुलासारखा. मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. माझाच हात, पण दोन वर्षांत भेट नव्हती. हिरा हसायची थांबली. तिने उठून माझ्याजवळ येऊन त्या हाताला स्पर्श केला, खरा आहे का पाहायला, आणि मग म्हणाली, "आबांना दाखवायला पाहिजे."

त्यानंतरचे दिवस, वस्ताद, काय सांगू. मी तेरेझाबाईंना तुमचे चक्र करून दाखवले: डोक्यावरून पुरे, मागून पुढे, काठीचा घोंघावणारा आवाज हॉलच्या छताला लागला. त्यांच्या खेळात असे चक्र नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दोन पोरांनी शिकवा म्हणून हट्ट धरला, आणि मी त्यांच्यासमोर उभा राहून 'उजवा!' म्हणून ओरडलो. ती पोरे गोंधळली. तेव्हा तुम्हाला काय गंमत येते ते मला समजले. मी गुरुदक्षिणा म्हणून तेरेझाबाईंना लोणावळ्याहून आणलेली शेंगदाण्याची चिक्की दिली. त्यांच्या मामांनी, म्हणजे त्या काठीवाल्या गृहस्थांनी, ती हातात घेऊन उंबऱ्यावर आपटून पाहिली आणि आवाज चांगला आहे म्हणाले.

मनाला एकच टोचते ते असे. तुम्ही वर्षभर मला तेल लावलेत, फिरवलेत, "हात वर जात न्हाई त्यो खांद्याचा गुन्हा न्हाई मास्तर, भ्यायलेल्या मनाचा हाय," अशी प्रवचने दिलीत, आणि जे तुमच्या अहिंसेला साधले नाही ते एका परक्या बाईने एका फटक्यात, तेही चुकून, करून टाकले. मी तुमची बाजू सोडलेली नाही. तत्त्व म्हणून काठी लागू नये, हे मला अजून मान्य आहे. फक्त लागली तर बरे वाटते, एवढे नम्रपणे नोंदवतो.

आम्ही नवमीच्या आधी पोचतो. काठी तेरेझाबाई स्वतःच्या सामानातून, त्यांच्या लांब पेटीतून आणणार आहेत (असे का, ते खाली). तिला तालमीच्या कोपऱ्यात जागा करून ठेवा, आणि झेंडूचा एक हार जास्त सांगून ठेवा. तिला आपल्या काठ्यांमध्ये परकेपणा वाटू नये.

आपला, उंबऱ्याच्या आतला,
सोपान

ता. क. तेरेझाबाई आणि त्यांचे दोन शागीर्द नवमीला कार्ल्यात येत आहेत. माझे चक्र पाहून त्या म्हणाल्या, असा शागीर्द असेल तर वस्ताद कसे असतील. मी काही बोललो नाही. कधीकधी मौन हे सर्वांत मोठे अलंकारशास्त्र असते. राहायला ते तुंगार्लीला आमच्याकडेच. जेवण एक दिवस हुस्नबानोवहिनींकडे. त्यांना सांगा, मिरची मुळात याच लोकांनी आपल्याला दिली, तेव्हा हात आखडता घेऊ नका. तेरेझाबाईंना मी वस्तादाच्या पाया कसे पडावे ते शिकवले आहे. त्या भर मैदानात, सगळ्यांसमोर, झटकन वाकणार आहेत. तुम्ही त्या वेळी हातात काठी धरू नका. पान्हाही नको.

ता. क. पुन्हा. हिरा म्हणते, खरे लिहा. तर खरे असे. हात चार दिवस वर राहिला. त्या चार दिवसांत मी वरच्या फळीवरचे सगळे डबे खाली काढले, उंच दोरीवर कपडे वाळत घातले, रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी लोकांना हात करून त्यांना संकोचात पाडले. पाचव्या दिवशी सकाळी तो कानापाशी येऊन उभा राहिला. ट्रेलर पुन्हा चढावर. मी तेरेझाबाईंना विनंती केली की कृपा करून एकदाच, त्याच जागी. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आता त्या माझ्याशी सराव करताना दोन काठ्यांचे अंतर ठेवतात, आणि मी बुटाची नाडी बांधायला वाकलो तरी काठी पाठीमागे लपवतात. इथल्या डॉक्टरांनी व्यायाम दिला आहे. तो मी करतो आहे. तो व्यायाम म्हणजे मॉप फिरवणे.

ता. क. शेवटचे. आता उंबऱ्याच्या बाहेर येऊन लिहितो.

अरे फकरू, ऐक. नवमीच्या दिवशी पहाटे, कोणी यायच्या आधी, मी तालमीच्या मागे येतो. विहिरीच्या अंगाला, उंबऱ्याच्या बाहेर. तुझा नियम शागिर्दांपुरता आहे आणि तो उंबऱ्याच्या आतला आहे, हे तूच ठरवले आहेस. बाहेर मी शागीर्द नाही. बाहेर मी सोप्या, ज्याला तू चौथीत कैरीच्या फोडीवरून पट्टीने हाणले होतेस, आणि तेव्हा तुला कोणते तत्त्व आडवे आले नव्हते. एकच फटका हवा. त्याचा गुण चार दिवस टिकतो, मला एक सकाळ पुरे. आबांना मागचे दिसत नाही रे. ते आता पंच्याऐंशीचे झाले, पुढच्या नवमीला पुढची रांग तरी दिसेल की नाही, कोण सांगणार.

जागा चुकू नये म्हणून मी खांद्यावर खडूने खूण करून येईन. हुस्नबानोवहिनींना सांगू नकोस. त्या आपल्या दोघांनाही हाणतील, आणि त्यांना जागा दाखवावी लागणार नाही.

उजवा खांदा. माझा उजवा, तुझा नव्हे.